तपासणीला आलात तर आधी वर्गात या

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात तालुक्याच्या पानावर एका माध्यमिक शाळेची बातमी होती, तपासणीत शाळेला वरची श्रेणी मिळाली म्हणून. सोबत फोटो, शाल-श्रीफळ, संस्थेचे पदाधिकारी, मुख्याध्यापक सगळे. शाळेचं कौतुक झालं याचा मला आनंदच आहे, कारण ग्रामीण भागातल्या अनुदानित शाळेनं वेतनेतर अनुदान वेळेवर मिळत नसताना इमारत नीट ठेवायची, मुलींसाठी स्वच्छतागृह बांधायचं, परसबाग करायची म्हणजे किती जणांच्या दारात जावं लागतं ते मला माहितीय. पण ती बातमी परत परत वाचून मी एकच गोष्ट शोधत होते, की त्या शाळेत नववी-दहावीच्या पोरांना काय शिकवतात, कसं शिकवतात आणि पोरांना त्यातलं किती येतं हे तपासणीला आलेल्या साहेबांनी बघितलं का. त्याबद्दल एक ओळ नव्हती. रंगरंगोटी होती, सीसीटीव्ही होते, डिजिटल बोर्ड होता, दप्तर अद्ययावत असल्याचा उल्लेख होता. यात आपल्या बातमीदाराचा दोष नाही, अशा बातम्या मी वर्षानुवर्षं वाचतेय आणि बहुतेक सगळ्या अशाच असतात, कारण तपासणीच तशी होते.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेय. वार्षिक तपासणी, पॅनेल तपासणी, अचानक भेट, शाळासिद्धी, सगळे प्रकार बघून झालेत, आणि आता नात दुसऱ्या गावात नववीला आहे त्यामुळं पालकाच्या बाजूनं पण बघते. मला म्हणायचंय ते एवढंच, की शाळेची तपासणी म्हणजे तिथं अभ्यासक्रम खरोखर शिकवला जातोय का याची तपासणी असली पाहिजे, आणि ती ऑफिसात फाइली उघडून होत नाही, वर्गात मागच्या बाकावर बसून होते.

ज्यांनी शाळेची तपासणी आतून बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी पत्र येतं, तारीख कळते. मग आठवडाभर शाळेत दुसरं काही चालत नाही. टाचणवह्या पूर्ण करा, वार्षिक नियोजन, घटक नियोजन, शैक्षणिक साहित्याची नोंद, ग्रंथालयाचं देवघेव रजिस्टर, प्रयोगशाळेचं डेडस्टॉक, पालक-शिक्षक संघाचं इतिवृत्त, सखी सावित्री समितीचं इतिवृत्त, तंबाखूमुक्तीचा फलक, तक्रारपेटी. ज्या वेळात पोरांना शिकवायचं त्या वेळात शिक्षक शिकवल्याच्या नोंदी लिहीत बसतात आणि पोरं मैदान झाडतात, वर्ग सजवतात, स्वागतगीताची प्रॅक्टिस करतात. तपासणीच्या दिवशी दुपारपर्यंत ऑफिसात दप्तर बघणं चालतं, मग चहा, जेवण, मग वर्गांमधून एक फेरी. पोरं उभी राहतात, साहेब दोन-चार प्रश्न विचारतात, सतराचा पाढा म्हणा, आपले जिल्हाधिकारी कोण, उत्तर देणारी पोरं पहिल्या बाकावर बसवलेली असतात. संध्याकाळी शेरेबुकात लिहिलं जातं की कामकाज समाधानकारक आहे, दप्तर अद्ययावत आहे, गुणवत्तावाढीसाठी प्रयत्न करावेत. आता गुणवत्तावाढ म्हणजे कुठल्या इयत्तेत, कुठल्या विषयात, नेमकं काय कमी आहे, ते त्या शेऱ्यात नसतं, कारण ते कुणी बघितलेलंच नसतं. सगळेच अधिकारी असे असतात असं मी म्हणत नाही, चांगल्या अधिकाऱ्याबद्दल पुढं सांगणारच आहे, आणि हे पण खरंय की विस्तार अधिकाऱ्यांच्या जागा रिकाम्या असतात, एकेका माणसाकडं कितीतरी शाळा असतात आणि वरून रोज नवीन माहिती मागितलेली असते, एका दिवसात तो माणूस तरी किती बघणार. पण एका दिवसात सगळं बघता येणार नसेल तर मग जे सगळ्यात महत्त्वाचं आहे ते आधी बघा ना.

आता अभ्यासक्रम काय म्हणतो ते बघू. नववीची आत्ताची पुस्तकं २०१७ ला आली, दहावीची २०१८ ला. बालभारतीच्या पुस्तकांना नावं ठेवणारे खूप आहेत पण मी ती शिकवलीत, सहकाऱ्यांच्या विषयांची पण वाचलीत, आणि माझं प्रामाणिक मत आहे की त्यांच्यात खूप चांगलं आहे. दहावीच्या भूगोलाचं पुस्तक घ्या, अख्खं पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना करत जातं, आणि पहिलाच पाठ आहे क्षेत्रभेट. म्हणजे पुस्तक लिहिणाऱ्यांनी ठरवून पहिल्या पाठात सांगितलंय की भूगोल बाहेर जाऊन शिकायचा, जाण्याआधी काय तयारी करायची, लोकांना प्रश्न कसे विचारायचे, नोंदी कशा करायच्या, आल्यावर अहवाल कसा लिहायचा.

आणि होतं काय? माझ्या बघण्यातल्या बहुतेक शाळांत हा पाठ जूनमध्ये वर्गात बसून वाचून संपवतात, अहवाल फळ्यावर लिहून देतात नाहीतर गाईडमधून उतरवून घ्यायला सांगतात, आणि अख्ख्या वर्गाच्या वह्यांमधे एकच अहवाल असतो, त्याच वाक्यांचा, त्याच क्रमानं, कुठंच न गेलेल्या सहलीचा. वहीत बरोबरची खूण, खाली सही, तारीख. तपासणीत ती वही टेबलावर ठेवतात आणि साहेब बघतात की अहवाल आहे, सही आहे. दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या असत्या तर एका मिनिटात सगळं कळलं असतं.

आमच्या तासगावात क्षेत्रभेटीला लांब जायची पण गरज नाही. बाजार समितीत बेदाण्याचे सौदे निघतात, देशभरातले व्यापारी तिथला माल घेतात. दहावीच्या वर्गातल्या कितीतरी पोरांच्या घरच्या द्राक्षबागा आहेत, शेडवर बेदाणा वाळवताना ती पोरं स्वतः राबलेली असतात, साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना वही-पेन देऊन एक दिवस सौद्यात उभं करा, हा माल कुठल्या गावचा, रंग आणि जाडीवरून भाव कसा बदलतो, कोल्ड स्टोरेजला किती महिने ठेवतात, इथून कुठल्या राज्यात जातो, अवकाळी पाऊस झाला त्या वर्षी काय झालं, एवढं विचारून आले तरी शेती, हवामान, वाहतूक, व्यापार एवढा सगळा भूगोल एका सकाळी होतो. परीक्षेत लिहायला पण स्वतःचं काहीतरी असतं. खर्च जवळजवळ शून्य. तरी होत नाही, कारण केलं काय आणि नाही केलं काय, तपासणीत फरक पडत नाही.

इतिहासाचं पण तेच आहे. दहावीचा इतिहास आता सनावळ्यांचा राहिला नाही, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमं, पर्यटन, खेळ, वस्तुसंग्रहालयं असे विषय त्यात आहेत. म्हणजे गावातलं जुनं देऊळ, वाडा, शिलालेख, जुन्या माणसांच्या आठवणी गोळा करायला मोकळं रान. पण वर्गात त्याच्या टिपा होतात आणि पाठ केल्या जातात. ज्यांना मार्क नसतात, नुसती श्रेणी असते ते विषय तर वेळापत्रकात नुसते छापलेले असतात, जलसुरक्षेच्या तासाला गणित, कलारसास्वादाच्या तासाला इंग्रजी, खेळाच्या तासाला ज्यादा विज्ञान. आमच्याच जिल्ह्यात २०१९ ला कृष्णेच्या महापुरात सांगली शहर बुडालं आणि पूर्वेकडच्या गावांनी टँकरचे उन्हाळे काढलेत, म्हणजे पाण्याचा विषय इथल्या पोरांना पुस्तकातून सुद्धा शिकवायची गरज नाही, नुसतं बोलतं केलं तरी तास पुरणार नाही. तो तासच होत नाही, आणि वेळापत्रकाची कॉपी मात्र फाइलीत व्यवस्थित लावलेली असते.

माझ्या विषयाबद्दल जरा जास्त बोलते. दहावीच्या विज्ञानात प्रकाशाचं अपवर्तन आहे. काचेची लादी, ड्रॉइंग बोर्ड, पांढरा कागद आणि चार टाचण्या एवढ्यावर हा प्रयोग होतो. १९९० च्या सुमारास आमच्याकडं एक अधिकारी तपासणीला आले होते, ते आधी ऑफिसात गेलेच नाहीत, थेट प्रयोगशाळेत आले आणि एका मुलीची प्रयोगवही उचलून म्हणाले, बाळ, हा प्रयोग मला करून दाखव. तिनं कागद लावला, लादीची बाह्यरेषा आखली, दोन टाचण्या टोचल्या, दुसऱ्या बाजूनं बघून आणखी दोन टोचायला लागली. साहेब गुडघ्यावर बसले, तिच्या डोळ्याच्या पातळीला डोळा आणून बघितलं आणि तिला म्हणाले, टाचण्यांची डोकी नको जुळवू, त्या वाकड्या टोचल्या जातात, पायथे एका रेषेत आण. आणि दोन टाचण्यांमधलं अंतर वाढव, जवळ टोचल्यास की रेषा जराशी चुकली तरी कोन बराच चुकतो. सगळा वर्ग भोवती गोळा झाला. मग त्यांनी विचारलं की लादीतून बाहेर आलेला किरण आधीच्या किरणाला समांतर का येतो, आणि गप्प बसलेल्या मागच्या पोरांकडं बघून विचारलं. कुणालाच नीट सांगता येईना तर रागावले नाहीत, फळ्यावर आकृती काढून त्यांच्याकडूनच काढून घेतलं. जाताना शेरेबुकात त्यांनी लिहिलं की नववीच्या वर्गाला प्रयोग स्वतः करायला मिळत नाहीत, लाद्या कमी आहेत, संस्थेनं पुढच्या सत्राआधी घ्याव्यात. संस्थेनं घेतल्या, कारण शेरा स्पष्ट होता आणि टाळता येण्यासारखा नव्हता. माझ्या सगळ्या नोकरीत मला सगळ्यात उपयोगी पडलेली तपासणी ती.

आज कितीतरी शाळांत प्रयोगशाळा परिचर नाही, पद गेलं ते भरलंच नाही, विज्ञानाच्या बाई नाहीतर सर स्वतः कपाट उघडतात, काचसामान धुतात, परत लावतात, आणि तेवढ्यात पुढच्या तासाची घंटा होते. मग प्रयोग शिक्षकच टेबलावर करून दाखवतात, तेही झालं तर, नाहीतर मोबाइलवर व्हिडिओ, आणि प्रयोगवही आधीच्या बॅचच्या वहीवरून उतरवलेली. निरीक्षणाच्या तक्त्यात सगळ्यांचे आकडे दशांशापर्यंत सारखे. विज्ञान शिकलेल्या कुठल्याही अधिकाऱ्याला हे लगेच दिसायला पाहिजे, की वेगवेगळ्या पोरांनी खरंच मोजलं असतं तर आकडे थोडेतरी वेगळे आले असते.

आता मार्कांकडं वळते, कारण लोक म्हणतील की बाई, निकाल तर चांगला लागतोय. दहावीचा राज्याचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी नवीन अभ्यासक्रमाची पहिली परीक्षा झाली आणि भाषा नि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढले होते, निकाल आला ७७.१० टक्के. केवढा गहजब झाला तेव्हा. मग ते गुण परत आले आणि २०२० ला निकाल झाला ९५.३० टक्के. त्या वर्षी कोरोनामुळं भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीनं गुण दिले होते हे पण लक्षात घ्यायला पाहिजे, आणि नवीन पॅटर्न दुसऱ्या वर्षी अंगवळणी पडतोच, त्यामुळं सगळा फरक त्या २० गुणांचा असं मी म्हणणार नाही. पण मोठा वाटा त्यांचा आहे हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. ते २० गुण काढून टाका असं माझं म्हणणं अजिबात नाही, तोंडी, प्रकल्प, स्वाध्याय, प्रात्यक्षिक याच गोष्टी पोरांना घडवतात आणि लेखी पेपरात त्या मोजता येत नाहीत. माझं म्हणणं आहे की ते गुण कसे दिले जातात हे तपासणीत बघा. मराठीची तोंडी परीक्षा खरंच झाली का, कधी झाली, पोरगं दोन मिनिटं उभं राहून बोललं का, का वर्गाच्या यादीत एका बैठकीत १८, १९, २० भरले. तपासणीच्या दिवशी कुठलीही चार पोरं बोलवा आणि एखाद्या कवितेवर बोलायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे.

कारण शेवटी भोगायला लागतं ते पोरांना. मुलांना किती येतं याची पाहणी करणाऱ्या २०२३ च्या 'असर' अहवालात देशातल्या ग्रामीण भागातली १४ ते १८ वयाची मुलं बघितली होती, त्यात साधारण चारातल्या एकाला दुसरीच्या पातळीचा उतारा स्वतःच्या भाषेत सलग वाचता येत नव्हता, आणि तीन अंकी संख्येला एका अंकानं भागायचं गणित ४३ टक्क्यांच्या आसपास मुलांनाच जमलं. दहावीला पंच्याण्णव टक्के निकाल आणि अकरावीला गेल्यावर पहिल्या चाचणीत पोरगं खचून जातं, आईबाप म्हणतात कॉलेज चांगलं नाही. अहो, कॉलेजवर काय खापर फोडायचं, ती कमतरता आठवी-नववीपासून चालत आलेली असते आणि मधे एकही तपासणी अशी झालेली नसते की जिच्यात ती कुणाच्या नजरेला पडली.

हे दुखणं नवीन नाही. महात्मा फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ ला इंग्रज सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर आयोगापुढं जे निवेदन दिलं त्यात त्यांनी तपासणीवर स्पष्ट लिहिलंय, की डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो त्याचा फारसा उपयोग नाही, निदान दर तीन महिन्यांनी शाळा तपासली जावी, आणि आधी वर्दी न देता पण भेटी द्याव्यात. ते प्राथमिक शाळांबद्दल बोलत होते, पण मुद्दा माध्यमिकला तितकाच लागू आहे. आणि त्याच निवेदनात त्यांनी अभ्यासक्रम पण सांगितलाय, मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, आरोग्य, नीती. म्हणजे काय शिकवायचं आणि ते शिकवलं जातंय का हे कसं बघायचं, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मांडल्या होत्या. फुल्यांचा फोटो प्रत्येक शाळेत आहे, त्यांनी सांगितलेली ही गोष्ट पण प्रत्येक शाळेत यावी.

सरकारनं प्रयत्न केले नाहीत असं नाही. २०१५ ला शाळासिद्धी आली, सात क्षेत्रं, ४६ मानकं, शाळेनं स्वतःचं मूल्यमापन करायचं आणि मग बाहेरचे लोक येऊन बघणार. आता त्या जागी स्क्वाफ म्हणून शाळेची गुणवत्ता मोजायची नवीन पद्धत आलीय, त्यात १२८ मानकं आहेत आणि प्रत्येकाला पुरावे अपलोड करायचे. मानकं मी वाचलीत, त्यातली पुष्कळ चांगली आहेत, अध्ययन-अध्यापनाबद्दल पण आहेत. पण पुरावा म्हणजे फोटो आणि पीडीएफ झाला की सगळी शाळा फोटो काढण्यात जाते. माझ्या ओळखीतल्या तरुण शिक्षिका सांगतात की तास चालू असताना मधेच पोरांना गटात बसवून फोटो काढायचा, परत ओळीत बसवायचं आणि पुढं शिकवायचं. गटकार्य झाल्याचा पुरावा झाला, गटकार्य झालंच नाही. मुख्यमंत्री माझी शाळा सुंदर शाळा स्पर्धेनं शाळा देखण्या झाल्या, गावातली माणसं शाळेत आली, लोकवर्गणी जमली, त्याचं मोल आहेच. पण सुंदर शाळेचं बक्षीस आणि शिकवण्याची तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी पहिल्यात विरघळून जाऊ नये.

माझी भाची इंग्लंडमध्ये असते. मुलीला माध्यमिक शाळेत घालायच्या आधी तिनं घरी बसून त्या शाळेचा तपासणी अहवाल वाचला, वेबसाइटवर कुणालाही बघता येतो, फुकट. मला पण तिनं फोनवर वाचून दाखवला. तिथं ऑफस्टेड म्हणून सरकारी यंत्रणा आहे, १९९२ पासूनची. २०१९ पासून त्यांनी तपासणीचा भर अभ्यासक्रमावर आणला, म्हणजे काही विषय निवडायचे, त्या विषयाच्या प्रमुखाशी बोलायचं की हे या क्रमानं का शिकवता, मग त्याच विषयाच्या वर्गात जाऊन बसायचं, त्याच वर्गातल्या पोरांच्या वह्या बघायच्या आणि त्याच पोरांशी बोलायचं. मला हे फार पटलं, कारण आमचे ते टाचण्या बघणारे साहेब नेमकं हेच करत होते.

पण तिथलं सगळं उचलून आणू नये, हे पण तेवढ्याच कळकळीनं सांगते. तिथं शाळेला एका शब्दाचा शिक्का मारायचे, उत्कृष्ट, चांगली, सुधारणा हवी, अपुरी असे. जानेवारी २०२३ मध्ये रेडिंगच्या रुथ पेरी नावाच्या मुख्याध्यापिकेनं, त्यांची शाळा उत्कृष्टवरून थेट शेवटच्या श्रेणीत जाणार हे कळल्यावर, जीव दिला. डिसेंबरमध्ये तिथल्या कॉरोनरनं, म्हणजे अशा मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं, त्यांच्या मृत्यूला ती तपासणी कारणीभूत ठरल्याचं नोंदवलं, आणि सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांचे ते एका शब्दाचे शिक्के बंद झाले. एका बाईचा जीव जावा लागला तेव्हा हे झालं. आपल्याकडं श्रेणी देण्याचा उत्साह वाढतोय म्हणून हे लिहिलं. श्रेणी कमी आली तर मुख्याध्यापकाला सगळ्यांसमोर झापायचं, वेतनवाढ रोखण्याची भाषा करायची, यानं शाळा सुधारत नाही, लपवायला शिकते.

आणि शिक्षकांची बाजू सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, पद कमी झालं की विज्ञान-गणिताला मिळून एकच माणूस उरतो, इंग्रजीच्या शिक्षकाला हिंदी घ्यावं लागतं, कलाशिक्षक आणि क्रीडाशिक्षक तर कितीतरी शाळांतून दिसेनासेच झालेत. वरून यू-डायस, सरल या पोर्टलांवर माहिती भरणं, पोरांची आधार दुरुस्ती, अपार आयडी, मतदार याद्यांचं बीएलओचं काम. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक काम देऊ नये असं आहे, पण ऑनलाइन माहिती भरणं हे अशैक्षणिक धरलंच जात नाही. वर्गात बसणाऱ्या अधिकाऱ्याला हे सगळं दिसेल. त्याच्या अहवालात शिक्षक कमी पडतो असं येईल तसं शिक्षकच नाही असं पण येईल, आणि दुसरी गोष्ट लेखी येणं शाळेच्या फायद्याचं आहे.

शिक्षण विभागाकडं माझं मागणं मोठं नाही. तपासणीचा निम्मा वेळ वर्गात जावा. अधिकाऱ्याबरोबर दुसऱ्या शाळेतला त्या विषयाचा जाणता शिक्षक असावा, कारण प्रशासनाचा माणूस रसायनशास्त्राचा तास बघून काय सांगणार. मुलं अधिकाऱ्यानं हजेरीवरून निवडावीत, शाळेनं पुढं केलेली नकोत. एक तरी प्रयोग, एक तरी तोंडी, आणि एकाच विषयाच्या पाच-सहा वह्या शेजारी ठेवून बघाव्यात. सहा महिन्यांनी परत येऊन आधीच्या शेऱ्याचं काय झालं ते विचारावं. आणि अहवाल साध्या मराठीत, दोन पानांचा, शाळेच्या नोटीस बोर्डावर लागावा. राज्याचा नवीन अभ्यासक्रम आराखडा आलाय, पहिलीपासून पुस्तकं बदलायला लागलीत, टप्प्याटप्प्यानं नववी-दहावीची पण बदलतील, त्यात कौशल्य, व्यवसाय शिक्षण, कला याला मोठी जागा आहे असं सांगतात. ते वर्गात उतरतंय का हे बघायची सोय आत्ता केली नाही तर त्याचं पण जलसुरक्षेच्या तासासारखंच होईल.

पालकांनी मात्र विभागाची वाट बघत बसू नये. तपासणी अहवाल गुप्त नसतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणं अशी माहिती कार्यालयांनी आपणहून जाहीर करायची असते, आणि नाही केली तर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयात अर्ज करता येतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर ठेवायचा, ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील. अर्जात लिहा की आमच्या शाळेच्या मागच्या तीन वर्षांच्या तपासणी अहवालांच्या आणि त्यावर शाळेनं पाठवलेल्या अनुपालनाच्या प्रती द्याव्यात. त्या हातात आल्या की पालक-शिक्षक संघाच्या सभेत मोठ्यानं वाचा आणि मुख्याध्यापकांना एवढंच विचारा, की यातला कुठला शेरा नववी-दहावीच्या कुठल्या विषयाबद्दल आहे. आणि संपादक महाशय, यापुढं कुठल्या शाळेच्या श्रेणीची बातमी आली तर फोटोखाली त्या अहवालातल्या चार ओळी पण छापा, एवढी विनंती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
तासगाव, जि. सांगली